घरचा माणूस आत असलेल्या घरी दिवाळीचं सामान कसं पोचवायचं

दिवाळी जवळ आली की आपल्या सोलापुरात सामान वाटप जोरात सुरू होतं, मंडळं वाटतात, पुढारी वाटतात, पतसंस्था वाटतात, आणि ते चांगलंच आहे, पण एक घर त्या सगळ्यातनं दरवर्षी सुटतं. ज्या घरचा माणूस आत आहे ते घर. आत म्हणजे जेलमध्ये. ती बाई लाईनीत येऊन उभीच राहत नाही, कारण लाईनीत कुणीतरी विचारणारच, मालक कुठं असतात तुमचे, आणि मग एकातनं एक निघत जातं, किलोभर रव्यासाठी ते कोण ऐकून घेईल.

आम्ही काही जणी मिळून हे काम करतो, आणि दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं की आमच्या भागात करायचंय, कसं करायचं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते. सुरुवातीलाच सांगते, या कामात सामान गोळा करणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड हे आहे की सामान घरात पोचलं पाहिजे आणि ते का आलं हे गल्लीला कळता कामा नये. खाली जे काय लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी एक शंका मिटवून टाकू, कारण वर्गणी मागायला गेलं की हाच प्रश्न पहिला येतो, गुन्हेगारांच्या घरी कशाला? एक तर पोरांनी काय गुन्हा केलेला नसतो. दुसरं, आत असलेले बहुतेक जण कच्चे कैदी असतात, म्हणजे केस चालू आहे, निकाल लागलेला नाही. एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) २०२२ चा जेलचा अहवाल बघा, देशातल्या जेलमध्ये ५ लाख ७३ हजार माणसं आणि त्यातली ४ लाख ३४ हजार कच्ची, शंभरातली पंच्याहत्तर-शहात्तर. काही जणांना तर जामीन मंजूर झालेला असतो पण जामीनदार मिळत नाही म्हणून ते तसेच आत बसून असतात. आणि माणूस पकडून नेल्यावर मागं घराचं काय होतं हे सोलापूरला कुणी शिकवायला नको, १९३० च्या मार्शल लॉ नंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले, त्यांच्या नावाच्या चौकातनं आपण रोज जातो. आपल्याकडच्या सेटलमेंटमध्ये (जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची वसाहत) तर इंग्रजांनी अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं तारेच्या कुंपणात ठेवली होती, बायकापोरांसकट, नुसती जात बघून, आणि तो गुन्हेगार जमाती कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. त्या जमातीतल्या पोरांना आजपण चोरी झाली की आधी उचलतात. तर वर्गणी देणाऱ्याला हे शांतपणे सांगायचं, वाद घालायचा नाही, पटलं तर देईल.

घर कसं शोधायचं

जेलच्या गेटवर उभं राहून मुलाकातीला आलेल्या बायकांना विचारत बसू नका, तिथं त्या आधीच टेन्शनमध्ये असतात, आधार कार्ड, नंबर, पोरगं कडेवर, त्यात आपण कुठं घुसायचं. घरं कळतात ती वस्तीतल्या माणसांकडनं. अंगणवाडीच्या ताई, आशा ताई, शाळेतल्या बाई, विडी युनियनचं काम करणाऱ्या, मशिदीतले जुने जाणते लोक, गल्लीतला किराणावाला. किराणावाल्याला तर सगळ्यात आधी कळतं, कारण उधारी अचानक वाढते. कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे (तिथनं गरजूंना फुकट वकील मिळतो), त्यांचे विधी स्वयंसेवक वस्त्यांमध्ये फिरतात, त्यांनाही भेटा.

पण या लोकांकडनं नावं मागायची नाहीत. हे नीट वाचा. आपण त्यांना सांगायचं की आमच्याकडं एवढ्या घरांपुरतं सामान आहे, तुम्हाला जी घरं माहिती आहेत तिथल्या बाईला तुम्हीच विचारा, चालेल का, आणि ती हो म्हणाली तरच आमचा नंबर तिला द्या किंवा तिचा आम्हाला द्या. ती नको म्हणाली तर विषय संपला, परत परत विचारायचं नाही. ज्या ताईनं विचारलं तिलापण सांगून ठेवायचं की नकोच म्हणाली तर मनाला लावून घेऊ नका, काही घरांना दारात ओळखीचं माणूसपण नको असतं, तो त्यांचा हक्क आहे.

यादी एकाच माणसाकडं, वहीत. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाही, एक्सेलमध्ये नाही, कुणाचा नवरा कुठल्या केसमध्ये वगैरे तर कुठंच लिहायचं नाही. वहीत फक्त बाईचं नाव, किती माणसं, पोरांची वयं, काय पथ्य आहे, आणि कधी आलं तर चालेल. केस कसली हे आम्ही विचारतच नाही. कुणी स्वतःहून सांगितलं तर ऐकून घेतो.

आधी एक फोन, मग सामान

पहिल्या फोनवर किंवा भेटीत तीन-चार गोष्टी कळल्या की बाकी सगळं सोपं जातं.

सगळ्यात महत्त्वाचं, पोरांना काय सांगितलंय. लहान पोरांना बऱ्याच घरात सांगितलेलं असतं की पप्पा पुण्याला कामाला गेलेत, भिवंडीला लूमवर गेलेत, गाडीवर गेलेत. ते आपल्याला माहीत नसेल आणि आपल्यातल्या एकानं मायेनं पोराच्या डोक्यावरनं हात फिरवत म्हटलं, काळजी करू नको हां, पप्पा लवकर सुटतील, तर त्या आईनं महिनोन्महिने जे सांभाळलं ते गेलं. म्हणून आईला सरळ विचारायचं, अक्का, पोरांना काय सांगितलंय, आणि मग पोचवायला जाणाऱ्या प्रत्येकानं तेच धरून बोलायचं. त्यापेक्षा त्या विषयावर बोलायचंच नाही हे बरं.

दुसरं, आत गेलेल्या माणसाबद्दल आपण काहीच गृहीत धरू नये. काही घरी तो याच बाईला मारहाण केली म्हणून आत असतो. तिथं जाऊन अरेरे सणाला मालक नाहीत म्हणणं म्हणजे काय होतं विचार करा. तिला कदाचित कित्येक वर्षांनी शांत दिवाळी मिळणार असते आणि फक्त पैशाची ओढाताण असते. आपण सणाच्या शुभेच्छा द्यायच्या, सामान द्यायचं, बास.

तिसरं, सण कुठला. सोलापुरात हे विचारायलाच लागतं. विडी वळणाऱ्या पद्मशाली घरांमध्ये दसऱ्याला, बतकम्माला (तेलुगू बायकांचा फुलांचा सण) खर्च जास्त, लिंगायत घरात संक्रांत, गड्ड्याची म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आणि मुसलमान घर असेल तर दिवाळीचा रवा-बेसन देऊन काय उपयोग, तिथं रमजान ईदला शेवया, साखर, खजूर, खोबरं, चारोळी, तूप आणि ईदच्या सकाळी दूध असं गेलं पाहिजे. आम्ही वर्गणी दिवाळीलाच गोळा करतो पण घर आपला सण सांगतं आणि त्या सणाला सामान जातं, तेवढे पैसे बाजूला काढून ठेवतो.

चौथं, घरी सांभाळतंय कोण. आईच आत असेल तर पोरं आजीकडं असतात (सहा वर्षांखालचं पोर आईबरोबर आत राहू शकतं, त्याच्या वरची बाहेर). आजीला चकली चावत नाही आणि तळणाला उभं राहवत नाही. तिथं तयार फराळ, मऊ लाडू, आणि पीठ दळून द्यायचं. साखरेचा आजार आहे का तेही विचारा, आपल्याकडं घरटी एकाला आहेच.

सामानात काय काय

कच्चा शिधा द्यायचा की तयार फराळ यावर आमच्यात दरवर्षी वाद होतो. माझं मत कच्च्या शिध्याकडं आहे. घरात तळणाचा वास आला, पोरांनी शंकरपाळी कातायला घेतली, की सण घरात आला, दुसऱ्याच्या डब्यातनं आलेल्या चिवड्याला ते येत नाही. शेजारणीला ताट द्यायचं असतं, तेपण आपल्या हातचं असलं की ताठ मानेनं देता येतं. पण दुसरी बाजूपण खरी आहे, विडी वळणारी बाई दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसते, हजार विड्यांवर मजुरी, नवरा आत असल्यावर तिला एक दिवस मोडणं परवडत नाही, तळण कधी करणार. म्हणून आम्ही दोन्ही मिळून देतो, वेळखाऊ पदार्थ तयार आणि बाकीचं कच्चं. चकलीची भाजणी गिरणीतनं दळून आणून द्यायची, म्हणजे भिजवलं की पाडता येते.

पाच माणसांच्या घराला आमचं प्रमाण साधारण असं असतं: रवा १ किलो, बेसन १ किलो, मैदा १ किलो, साखर ३ किलो, पातळ पोहे १ किलो, शेंगदाणे १ किलो, डाळवं पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, भाजणी १ किलो, वनस्पती तूप अर्धा किलो, तेल ३ लिटर, वेलदोडे, चहा पावडर पाव किलो, गूळ अर्धा किलो. त्याच्यासोबत उटणं, मोती साबण नाहीतर कुठलाही चांगला साबण, पणत्या आणि वाती. पोरं असतील तर फुलबाज्यांचं एक पाकीट, खाण्याचं नाही ते माहितीये, पण द्या.

तेलात काटकसर करू नका. बाकी सगळं आणून तेल एकच लिटर दिलं तर ती बाई तळणार कशात. कुणी बेसन कमी दिलं तर लाडू कमी होतात, तेल कमी पडलं तर सगळंच अडतं. आणि तेल सीलबंद पिशवीतलंच, सुटं नको.

आता ज्वारी. ही गोष्ट बाहेरचे लोक विसरतात. रेशनला गहू-तांदूळ मिळतात, प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो, अंत्योदयला घराला ३५ किलो, २०२३ पासून फुकट आहेत. पण आपल्याकडं पोट भरतं ते भाकरीनं. सणाचं सामान दिलं आणि रोजची भाकरी नसेल तर लाडूच्या पिठाच्याच पोळ्या होतात घरात. म्हणून प्रत्येक किटमध्ये १० किलो ज्वारी, जमलं तर मंगळवेढ्याकडची मालदांडी, २ किलो तूरडाळ, आणि शेंगाचटणी. शेंगाचटणी असली की दोन वेळचा कोरड्यासाचा प्रश्न मिटतो, पोरं शाळेत डबा नेतात.

गॅसचं विचारा. कित्येक घरात टाकी संपलेली असते आणि सांगायला लाज वाटते. १४.२ किलोची एक टाकी भरून देणं हे कुठल्याही मिठाईच्या बॉक्सपेक्षा मोठं आहे, पैसे थोडेच असतील तर काजू कतली कट करा आणि टाकी भरा.

तयार फराळ देणार असाल तर ओल्या नारळाची करंजी देऊ नका, दोन दिवसांत आंबते, सुक्या खोबऱ्याची द्या. दुधातला रव्याचा लाडूपण टिकत नाही, पाकातला द्या. चिवडा पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरायचा नाही नाहीतर सादळतो. वर्तमानपत्राच्या कागदात खाण्याचं काहीच बांधू नका, शाई उतरते, अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) पण तेच सांगितलंय. पिशवीवर चिठ्ठी, कधी केलंय आणि शेंगदाणा आहे का, एवढंच.

आणि फराळ करून घ्यायचा असेल तर त्यासाठी ज्या बायकांचा नवरा आत आहे त्यांनाच ऑर्डर द्या की. त्यातल्या कित्येकींच्या हाताला चव आहे, सामान आपण द्यायचं, किलोमागं मजुरी बाजारभावानं द्यायची. सोलापुरातनं परदेशात फराळाची पार्सलं जातात, चटण्या जातात, अशा एका ऑर्डरनं जे होतं ते दहा किटनं होत नाही. तिच्या पोरांना दिसतं की आई कामाचे पैसे आणतीये.

पोचवायचं कसं

सगळ्यात चांगली पद्धत आम्हाला किराणा दुकानाची वाटते. तिच्या नेहमीच्या दुकानदाराशी बोलून घ्यायचं, पैसे त्याच्याकडं भरून ठेवायचे, आणि ती तिच्या सोयीनं जाऊन, पाहिजे तेच आणि पाहिजे तेवढंच, यादी सांगून माल आणते, जसं गल्लीतली सगळी आणतात. कुणाला काय कळत नाही. तिला रव्यापेक्षा तांदूळ हवा असेल तर तांदूळ घेईल, पोराला बिस्किटं हवी तर बिस्किटं.

यात एक मेख आहे. तिची जुनी उधारी असेल तर दुकानदार आपले पैसे आधी उधारीत वळते करून घेऊ शकतो, आणि ती बाई रिकामी पिशवी घेऊन घरी. त्याचंही चूक नाही, त्याचे पैसे अडकलेले असतात. म्हणून आधीच स्पष्ट बोला, उधारी किती आहे, त्यातली आम्ही थोडी फेडतो, पण हे पैसे सणाच्या मालाचेच. दुकानदार शब्दाचा असतो, आधी बोललेलं पाळतो. पावती तिच्याकडंच राहू द्या, आपल्याला फक्त रक्कम कळली तरी पुरे.

घरीच न्यायचं असेल तर साध्या पिशवीत, ज्या पिशवीतनं आपण बाजार आणतो तसल्या. मंडळाचं नाव छापलेली पिशवी नको, स्टिकर नको, टेम्पो दारात लावायचा नाही. दोघींनी जायचं, ओळखीच्या पाहुण्या गेल्यासारखं, दिवाळीत कुणी कुणाकडं गेलं तर कोण विचारतंय. कुंभारीच्या विडी घरकुलात किंवा रे नगरमध्ये घरं एकसारखी आणि भिंतीला भिंत, दार वाजवलं की चार दारं उघडतात, तिथं नंबर आधी नीट विचारून घ्या, खाली उभं राहून नावानं हाका मारत फिरू नका. वेळ तिला विचारून, कारखान्यावर विड्या द्यायला गेलेली असेल तर घरात फक्त पोरं असतात. चहा केला तर घ्या, नाही म्हणू नका, पण दहा मिनिटांत उठा.

फोटो नाही. पिशव्यांचापण नाही, पाठमोरा नाही, ब्लर करून नाही. वर्गणी देणाऱ्यांना हिशोब पाहिजे असतो, तो त्यांचा हक्क आहे, त्यांना दुकानाची बिलं दाखवा, किती घरांना काय गेलं हा आकडा द्या. त्यावर ज्याचं समाधान होत नाही आणि ज्याला हातात पिशवी देतानाचाच फोटो पाहिजे, त्याची वर्गणी आम्ही घेत नाही.

दिवस कुठला? वसुबारसेच्या निदान आठवडाभर आधी. धनत्रयोदशीला सामान देऊन उपयोग नाही, तोपर्यंत तिनं कुठनंतरी व्याजानं पैसे काढलेले असतात. अजून एक गोष्ट वकील लोकांना माहिती असते पण आपल्याला नसते, दिवाळीत कोर्टाला सुट्टी लागते, त्यामुळं सुट्टीच्या आधी ज्यांचा जामीन होत नाही ते बहुतेक दिवाळी आतच काढणार हे त्या शेवटच्या आठवड्यात ठरतं. तेव्हा अचानक दोन-तीन घरं वाढतात, तेवढं सामान हाताशी ठेवा.

पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवशी बायकांना जड जातं, ओवाळायला माणूस नसतो. त्या दिवशी सामान घेऊन जायचं नाही. ओळख झालेली असेल तर एक फोन करा, इकडचं तिकडचं बोला.

आत काही देता येतं का

हे प्रत्येक घर विचारतं, ताई, त्यांना दोन लाडू पाठवता येतील का. घरचा डबा जेलमध्ये परस्पर देता येत नाही, कोर्टाची परवानगी लागते आणि ती सगळ्यांना मिळत नाही. मनीऑर्डर करता येते, ते पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात आणि आतल्या कँटीनमधनं तो घेऊ शकतो, दिवाळीत तिथं गोडधोडपण येतं. मनीऑर्डर पोचायला दिवस जातात म्हणून पंधरा दिवस आधी करा, आणि पाठवणाऱ्याचं नाव बाईचंच घाला, आपलं नको. आपल्याकडचं जिल्हा कारागृह आहे, मोठी शिक्षा लागलेले बरेच जण येरवड्याला असतात, तिथं मुलाकातीला जायचं म्हणजे आई आणि दोन पोरांचं जाऊन येऊन भाडं, एक दिवसाची मजुरी बुडणार ते वेगळं. कुणी विचारलं की सणाला आणखी काय द्यावं, तर आम्ही सांगतो हे भाडं द्या. ई-मुलाकात म्हणून व्हिडिओवर भेटायची सोयपण आहे, फॉर्म ऑनलाईन भरायला लागतो, तुमच्यातल्या कॉलेजच्या पोरींना ते दहा मिनिटांचं काम आहे, त्या बाईला सायबर कॅफेत पैसे पडतात.

सामानासोबत एक चिठ्ठी

पिशवीत आम्ही एक चिठ्ठी टाकतो, मराठीत, तेलुगू घर असेल तर तेलुगूत, कन्नड आणि उर्दूपण करून ठेवल्यात. त्यात एवढंच असतं.

कोठडीत असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या विधी सेवा कायद्याचं कलम १२. बायकांना आणि पोरांनापण तसाच मिळतो. फोन नंबर १५१००. नव्या फौजदारी कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) कलम ४७९, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडण्याचा विचार कोर्टानं करायचा असतो (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, आणि एकाहून जास्त केसेस असतील तर नाही). जामीन झालाय पण पैसे नाहीत अशांसाठी केंद्राची २०२३ ची गरीब कैदी योजना आहे, त्यात कच्च्या कैद्याला जामिनाच्या पैशाची मदत होते, तीपण विधी सेवा प्राधिकरणाकडंच विचारायची. पोरांसाठी बालसंगोपन योजना (सांभाळासाठी महिन्याला मदत), महिला व बालविकासच्या जिल्हा ऑफिसला विचारा.

रेशनचं पण बघा. ई-केवायसीला कार्डावरच्या प्रत्येकाचा अंगठा लागतो, आत असलेल्याचा कसा लागणार, मग त्याचं राहून जातं आणि बायका घाबरतात की सगळं कार्डच बंद झालं. तिच्याबरोबर एकदा दुकानात आणि गरज पडली तर पुरवठा ऑफिसला जाऊन या. धान्य उचलायला कार्डावर नाव असलेल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी

आमच्या या कामाचं ऐकून दोन-तीन नातेवाईकांनी तिकडनं विचारलं म्हणून लिहिते. तिकडं इमिग्रेशनवाले, त्यांना आईस म्हणतात, माणूस पकडून नेतात आणि बायकापोरं मागं राहतात, आपले देशी लोकपण त्यात आहेत, ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानानं १०४ भारतीय अमृतसरला आणून सोडले त्यात महाराष्ट्रातले ३ होते. तिकडचा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा थँक्सगिव्हिंग आणि मग ख्रिसमस, तेव्हा चर्च, शाळा, फूड बँका अशा घरांना सामान देतात. पद्धत आपल्यासारखीच, फक्त भीती जास्त. आपल्याकडं बाई लाजेनं लाईनीत येत नाही, तिकडं ती पकडतील म्हणून येत नाही, बाकीच्यांचेपण कागद नसतील तर घराबाहेरच पडत नाहीत. म्हणून वाटपाला बोलावू नका, तिच्या विश्वासातल्या माणसाकडनं घरी पाठवा, कागदपत्रं आहेत का हे चुकूनपण विचारू नका, आणि पत्ता-नावाची यादी कुठं ऑनलाईन ठेवू नका.

खोकं भरून देण्यापेक्षा किराणा दुकानाचं गिफ्ट कार्ड बरं, मेक्सिकन घर आपल्याला पाहिजे ते घेईल, गुजराती घर आपल्याला. फोनवर आधी कळवल्याशिवाय दार वाजवू नका, अनोळखी दार वाजलं की पोरं पलंगाखाली जातात. पोरं तिकडं जन्मलेली असतील तर आईबापाचे कागद नसले तरी पोरांना सरकारी अन्न मदत, स्नॅप, मिळू शकते, पण अर्ज करायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारायला सांगा. आणि तिथं एक मोठा फरक आहे, इमिग्रेशनच्या केसमध्ये सरकार फुकट वकील देत नाही, म्हणून तिकडच्या घरात पहिला पैसा वकिलाला जातो आणि पोटाचं मागं राहतं. माणूस कुठल्या सेंटरला नेला हे त्यांच्या वेबसाईटवर शोधता येतं, त्याला ए-नंबर (तिकडच्या सरकारनं परदेशी माणसाला दिलेला नंबर) नाहीतर पूर्ण नाव, आणि जन्माचा देश लागतो, घरच्यांना इंग्रजी येत नसेल तर शेजारी बसून तेवढं शोधून द्या. बऱ्याचदा माणूस दुसऱ्याच राज्यात हलवलेला असतो.

पैसे उरले तर

उरतातच थोडे, कारण दिवाळीनंतर वर्गणी येते. ते वाटून संपवायचं नाही. दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने सगळ्यात वाईट, सणाची उसनवारी फेडायची असते आणि कोर्टाच्या तारखा परत सुरू होतात. आम्ही ते पैसे ज्वारीला ठेवतो, नवीन ज्वारी बाजारात येईपर्यंत त्याच घरांना महिन्याला १० किलो, दुकानदाराकडनंच. संक्रांतीला तीळगूळ आणि बाजरी, गड्ड्याला पोरांना पाळण्यात बसायला थोडे पैसे आईच्या हातात. मधे कुणाचा माणूस सुटून आला तर त्या घराचं सामान लगेच बंद करू नका, सुटून आलेल्याला काम लागायला वेळ जातो, जुना मालक घेत नाही, अजून दोन महिने तरी चालू ठेवा. आणि ती बाई म्हणाली की आता नको ताई, दुसऱ्या कुणाला द्या, तर वहीतनं नाव खोडा आणि पुढचं घर तिलाच विचारा, तिला माहिती असतं कुणाकडं द्यायचं ते.